ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०: सांगलीच्या उन्हात तीनशे घोडे कसे काढायचे?

कृष्णाकाठ (विश्रामबाग, सांगली)

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं डोक्यात बसलेली गाडी गेल्या दिवाळीत घेतली. ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०, २०१८ची, माझ्या आधी एकच मालक, ६२ हजार किलोमीटर. दोन लिटर टर्बो पेट्रोल, सहा गिअरची ओल्या क्लचची डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स. कंपनीचे आकडे २३० पीएस (म्हणजे घोडे) आणि ३५० न्यूटन-मीटर टॉर्क. महिन्यातून दोनदा पेठ नाक्यावरून पुणे, आणि जमेल तेव्हा पहाटे कास किंवा आंबोली.

गाडी आहे तशीही सुंदर पळते. पण हेच इंजिन मोठ्या टर्बोवर ३५० पीएस देतं हे वाचल्यापासून झोप नाही. अडीच लाख बाजूला काढलेत. मनात आहे ते असं: आयएस३८ नावाचा मोठा टर्बो, कॅट (धूर शुद्ध करणारा भाग) नसलेला डाउनपाइप म्हणजे टर्बोमागचा धुराचा पाइप, हवा आत घेणारा मोठा इंटेक आणि रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला प्रोग्रॅम बदलणं. एका शहरातला ट्यूनर म्हणतो, गाडी आणायचीही गरज नाही, मी नव्या प्रोग्रॅमची फाइल पाठवतो, तुमच्याकडचा कुणीही अर्ध्या तासात भरेल.

ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. सरळ करून टाकू का? सांगली-कोल्हापूर भागात अशा गाडीत हात घालणारं कोण आहे?

वाळवेकर

भावा, आधी गाडीचं अभिनंदन. मी अशी मागून ऐकलीय, अंगावर काटा येतो. माझी छोटी एक लिटर टर्बो आहे, १२० पीएसची, रिमॅप करून दीड वर्ष झालं. ओव्हरटेकला जो फरक पडला तो रोज जाणवतो. पण तुझी गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आहे. ३५० पीएस त्या दोन चाकांनी रस्त्यावर उतरवायचे म्हणजे पावसात पहिल्या-दुसऱ्या गिअरला नुसती चाकं फिरणार. टायर आधी बघ.

फिटर_कुपवाड

तुझ्यापेक्षा वयानं मोठा आहे असं धरून अरे-तुरे करतो. एकवीस वर्षं गॅरेज चालवतोय, त्यातली नऊ-दहा टर्बो पेट्रोलमध्ये. तू विचारलंस "सरळ करून टाकू का". नको. आधी नेमकं घोडं कुठं पेंड खातं ते समजून घे, मग पैसे कुठं घालायचे ते आपोआप कळतं.

कागद घे. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये, त्याला आरपीएमनं (इंजिनाचे मिनिटाला फेरे) गुणायचं, ९५४९ नं भागायचं, किलोवॅट मिळतात. ते ०.७३५५ नं भागले की पीएस. तुझ्या गाडीचे ३५० न्यूटन-मीटर ४६०० आरपीएमपर्यंत टिकतात. ३५० गुणिले ४६०० भागिले ९५४९ म्हणजे १६८.६ किलोवॅट, म्हणजे २२९ पीएस. कंपनीचा २३० हा आकडा आला कुठून ते दिसलं का? आता त्याच आरपीएमला रिमॅपनं ४३० न्यूटन-मीटर काढले तर २८१ पीएस होतात. टर्बो न बदलता. तुला ३५० हवेत तर ६००० आरपीएमला ४१० न्यूटन-मीटर टिकवावे लागतात. तिथं तुझ्या मूळ टर्बोचा दम संपलेला असतो, तेवढी हवा तो देऊच शकत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून लोक आयएस३८ लावतात. तो वर भरपूर हवा देतो, पण खाली उशिरा जागा होतो. आता सांग, सांगली-पुणे रस्त्यावर तू ६००० ला किती वेळ असतोस? तुझं ओव्हरटेक २५०० ते ४५०० मध्ये होतं. तिथं मूळ टर्बोच जास्त उपयोगाचा आहे.

दुसरी गोष्ट उष्णता, आणि आपल्या भागात सगळा खेळ तिथंच आहे. एप्रिलमध्ये बाहेर ४० अंश. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापते. दाब २.२ पट केला आणि टर्बोची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली, तर ४० अंशांची हवा टर्बोमधून बाहेर पडताना दीडशे अंशांच्या पुढं गेलेली असते. ती गार करायचं काम इंटरकूलरचं. छोटा इंटरकूलर पहिल्या खेपेला निभावून नेतो, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला स्वतःच तापून बसतो. मग इंजिनात गरम हवा जाते, पेट्रोल ठिणगीच्या मर्जीबाहेर पेटतं, नॉक होतो, ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक ठिणगीचं टायमिंग मागं घेतो. तू पैसे देऊन घेतलेले घोडे गाडीच परत घेते. म्हणून माझ्या यादीत इंटेक आणि डाउनपाइपच्या आधी इंटरकूलर.

आणि फाइल पाठवणाऱ्याबद्दल. त्या माणसानं तुझी गाडी पाहिली नाही, तुझं पेट्रोल माहीत नाही, तुझ्या ठिणगीच्या कॉइलचं वय माहीत नाही. शिंप्यानं माप न घेता अंगरखा शिवावा तसलं काम ते. फाइल गाडीत गेल्यावर लॉग (चालत्या इंजिनाच्या आकड्यांची नोंद) घ्यायचे, ते बघून फाइल सुधारायची, परत लॉग घ्यायचे, असं तीन-चार वेळा झालं पाहिजे. हे करायला जो तयार नाही त्याच्याकडं जाऊ नकोस, मग तो कितीही नावाजलेला असो.

एक प्रश्न. ६२ हजार झालेत. डीएसजीचं तेल आणि फिल्टर साठ हजाराला बदलायचं असतं. बदलल्याचं बिल आहे का तुझ्याकडं?

कृष्णाकाठ

काका, एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. ते गणित मी वहीत दोनदा करून पाहिलं. बिल नाही. आधीच्या मालकाला फोन केला, त्यांना आठवत नाही म्हणाले.

अजिंक्यतारा (सातारा)

फिटरकाकांनी लिहिलंय ते मी स्वतः भोगलंय, म्हणून लिहितो. गाडीचं नाव घेत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. माझी एक टर्बो हॅचबॅक होती. अशीच फाइल घेतली होती, अर्ध्या तासात भरली. पहिले चार महिने स्वर्ग. नंतर एका एप्रिलमध्ये दुपारी अडीचला पुण्याहून येत होतो. गाडीत घरचे चौघं, एसी चालू, टाकीत साधं पेट्रोल. खंबाटकीच्या चढाला वरचा गिअर, आरपीएम जेमतेम १८००, आणि मी पाय पूर्ण दाबला. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज दोन-तीन सेकंद आला. मला वाटलं खाली काहीतरी घासलं. पुढच्या वळणापर्यंत इंजिन तीन पायांवर लंगडायला लागलं.

इंजिन खोललं तेव्हा मी गॅरेजमध्येच उभा होतो. मिस्त्रीनं तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन हातात दिला. पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली जी पातळ कडा असते, ती बोटाच्या पेराएवढी तुटून गेली होती. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर राखाडी, चमकणारे बारीक ठिपके होते, खसखशीएवढे. मिस्त्री म्हणाला, हे तुमच्या पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. तो प्लग अजून माझ्या टेबलावर आहे.

ट्यूनरनं फोन उचलणं बंद केलं. वॉरंटी गेलीच होती. तीन महिने गाडी उभी राहिली आणि नंतर मी ती विकली. कृष्णाकाठ, तुमची गाडी याहून कितीतरी मजबूत आहे, पण कमी आरपीएमला जास्त दाब हे कुठल्याच इंजिनाला सोसत नाही. ट्यूनरला पहिला प्रश्न "किती पीएस देशील" हा विचारू नका. "२००० आरपीएमला किती टॉर्क ठेवणार आहेस" हा विचारा.

मिरजेची_लेक

मी मूळची मिरजेची, आता पुण्यात इंजिन कॅलिब्रेशनचं, म्हणजे ईसीयूतले आकडे ठरवायचं काम करते. कंपनीचं नाव आणि कामातलं काही इथं लिहिणार नाही, पण जे सगळ्यांना माहीत असायला हवं ते लिहिते.

अजिंक्यतारा, तुम्ही वर्णन केलंत त्याला आमच्याकडे कमी वेगावरचं पूर्वज्वलन म्हणतात. ठिणगी पडण्याच्या आधीच, बहुतेकदा सिलिंडरच्या भिंतीवरून आलेल्या तेल-पेट्रोलच्या थेंबामुळे मिश्रण पेटतं. पिस्टन अजून वर येत असतो आणि वरून स्फोटाचा दाब त्याला खाली ढकलतो. नॉक ऐकून टायमिंग मागे घेण्याचा उपाय इथे चालत नाही, कारण ठिणगीचा यात हातच नाही. दाब कमी ठेवणं, योग्य ग्रेडचं तेल वेळेत बदलणं आणि ड्रायव्हरनं आधी गिअर खाली घेणं, एवढंच हातात उरतं. व्हीआरएसमध्ये चढाला लागण्याआधी गिअर एसमध्ये (स्पोर्ट) टाका किंवा पॅडलनं खाली घ्या. डीमध्ये डीएसजी पेट्रोल वाचवायला वरचा गिअर धरून ठेवते.

आता पेट्रोल. आपल्या जिल्ह्यात उसाच्या मळीचं आणि रसाचं इथेनॉल बनतं, तेच आपल्या टाकीत येतं, म्हणून हे आपल्याला तरी नीट माहीत हवं. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१. म्हणजे वीस टक्के मिश्रणात त्याच ताकदीसाठी सुमारे सात टक्के जास्त इंधन आत सोडावं लागतं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. तुमच्या गाडीचा ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून हे स्वतः सावरून घेतो, पण रिमॅपनंतर इंधनाची मागणी आधीच वाढलेली असते. म्हणून लॉगमध्ये इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या उच्च दाबाच्या रेलचा मागितलेला दाब आणि मिळालेला दाब शेजारी शेजारी ठेवून बघा. मागणी २०० बारची आणि प्रत्यक्षात १६० वर घसरत असेल तर पंप पुरत नाही, तिथेच थांबायचं.

इथेनॉलची दुसरी बाजूही आहे आणि ती मला सांगायचीच आहे, कारण लोक त्याला नुसतं नावं ठेवतात. त्याचा ऑक्टेन, म्हणजे नॉकला तोंड द्यायची क्षमता, १०८च्या आसपास असतो आणि वाफ होताना ते पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता शोषून घेतं. टर्बो इंजिनात, थेट सिलिंडरमध्ये फवारणी होत असताना, याचा नॉकविरुद्ध खरा फायदा होतो. अडचण आहे ती जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील यांची. वीस टक्के मिश्रणाला टिकणारे भाग नव्या गाड्यांत एप्रिल २०२३पासून बंधनकारक झाले, तुमची गाडी २०१८ची. इंधनाच्या नळ्यांवर वर्षातून एकदा नजर टाकून घ्या. आणि फाइल ज्या ऑक्टेनवर बनवाल तेच आयुष्यभर भरा. ९५ वर बनवलेल्या फाइलवर कधी नाइलाजानं साधं भरावं लागलं तर पाय हलका ठेवा.

उंचीचंही सांगते, कारण तुम्ही कासला जाता. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर, महाबळेश्वर १३५० च्या घरात. तिथे बाहेरच्या हवेचा दाबच सुमारे ०.८६ बार असतो. फाइल इंजिनात २.२ बार निरपेक्ष दाब मागत असेल तर सांगलीत टर्बोला हवा २.३ पट दाबावी लागते, महाबळेश्वरला २.५६ पट. तेवढ्यासाठी तो जास्त वेगानं फिरतो आणि हवा जास्त तापवतो. समुद्रकाठच्या शहरात आखलेली फाइल आपल्या घाटात टर्बोला फेफे आणते ती यामुळे. उंचीप्रमाणे दाबाची मागणी कमी करणारा तक्ता मूळ सॉफ्टवेअरमध्ये असतो. ट्यूनरनं त्याला हात लावलाय का, हे नक्की विचारा.

हळदबाजार

विम्याच्या क्षेत्रात आहे. इंजिनातलं मला कळत नाही, पण कागद कळतात.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आरसीत लिहिलेले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये याच कलमावर बोट ठेवलं होतं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं, त्यात मालकानं परवानगी नसलेले भाग बसवले तर दर बदलामागं पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कॅट काढलेला डाउनपाइप हा तर सरळ प्रदूषणाच्या नियमाचा भंग आहे, त्यात वाद घालायला जागाच नाही.

जे कराल ते विमा कंपनीला लिहून कळवा आणि उत्तर लेखी घ्या. फोनवरच्या "चालतंय साहेब"ला दाव्याच्या वेळी किंमत नसते. अपघातानंतर सर्व्हेअर बॉनेट उघडतो तेव्हा त्याला वेगळे भाग पहिल्या नजरेत दिसतात. समोरच्याला इजा झालेली असेल तर प्रकरण तुमच्या गाडीपुरतं राहत नाही.

कृष्णाकाठ

डाउनपाइपचा विचार सोडला. आयएस३८ पण सोडतोय, निदान आत्ता. काकांनी विचारलेला प्रश्न डोक्यातून जात नाही, मी ६००० ला असतो किती वेळ?

मग अडीच लाखांत काय काय आणि कुठल्या क्रमानं?

फिटर_कुपवाड

आता बोललास कामाचं.

पहिल्यांदा डीएसजीचं तेल आणि फिल्टर, आजच. तो गिअरबॉक्स कंपनीनं ३५० न्यूटन-मीटरसाठी दिलाय. ४०० च्या वर जायचं तर गिअरबॉक्सच्या संगणकाचंही ट्यूनिंग लागतं, म्हणजे क्लच जास्त दाबानं धरतात. नुसतं इंजिन वाढवलं तर क्लच घसरून तापतात, आणि क्लचपॅकचा खर्च तुझं अर्धं बजेट खाईल.

मग तपासणी. चारी सिलिंडरचं कॉम्प्रेशन. टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या सगळ्या नळ्यांत धूर सोडून गळती. नवे प्लग, गॅप थोडा कमी करून, कारण जास्त दाबाखाली ठिणगी विझते. त्यानंतर इंटरकूलर. त्यानंतर ब्रेक, आणि ब्रेक मी रिमॅपच्या आधी करायला सांगतो, नंतर नाही. गंमत म्हणून सांगत नाही. १०० च्या वेगाला गाडीत जेवढी ऊर्जा असते त्याच्या जवळजवळ दुप्पट १४० ला असते. ती सगळी डिस्कमध्ये उष्णता म्हणून उतरते. चांगले पॅड घाल आणि ब्रेक ऑइल बदल. डॉट ४ नवं असताना २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण दोन पावसाळे ओलावा पिऊन झाला की तोच आकडा १५५ पर्यंत उतरतो. आंबोली उतरताना पेडल स्पंजासारखं झालं की मग कळतं.

हे सगळं झालं की रिमॅप. मला विचारशील तर ४२० न्यूटन-मीटरवर थांब, आणि ते २५०० च्या आधी नकोत.

गाडी घेऊन ये एकदा. बघायचे पैसे घेत नाही.

वाळवेकर

काकांच्या ब्रेकच्या मुद्द्याला जोडून एक विनंती. गळीत हंगामात पेठ नाका-सांगली रस्त्यावर रात्री उसाच्या ट्रॉल्या असतात. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, ऊस बाजूला हात-दोन हात बाहेर आलेला. समोरच्या गाडीचा प्रकाश डोळ्यांवर असताना ती ट्रॉली तीस-चाळीस मीटरवर येईपर्यंत दिसत नाही. माझ्या आतेभावाचा डावा हात आजही खांद्याच्या वर जात नाही. गाडीची ताकद वाढली की आपल्या नकळत सरासरी वेग वाढतो, हे मी स्वतःच्या बाबतीत पाहिलंय. नोव्हेंबर ते मार्च अंधार पडल्यावर त्या रस्त्याला ऐंशीच्या वर जाऊ नकोस भावा. घोडे मोजायचेच असतील तर कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेसारख्या ट्रॅकवर एक दिवस जाऊन ये, मी पण येतो.

कृष्णाकाठ (अडीच महिन्यांनी)

उशीर झाला, पण हातात काही असल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

काकांकडे कुपवाडला गाडी नेली. धूर सोडल्यावर पाच मिनिटांत इंटरकूलरच्या खालच्या नळीजवळून बारीक रेघ वर आली. क्लॅम्प कुणीतरी आधी काढून तिरका बसवला होता. नळीच्या तोंडाशी तेलाचा ओला डाग आणि त्यावर धुळीचा थर होता. काकांनी अंगठ्यानं पुसून मला दाखवला. म्हणजे इतके महिने मी २३० पीएससुद्धा पूर्ण चालवत नव्हतो! क्लॅम्प सरळ केला आणि गाडी परत आणताना विश्रामबागच्या चौकातच फरक कळला.

डीएसजीचं तेल काढलं तर चहाच्या उकळलेल्या चोथ्यासारखं काळपट निघालं. प्लग, इंटरकूलर, पॅड, ब्रेक ऑइल एवढं झालं. मग पुण्यात डायनोवर (चाकांवरची ताकद मोजणारं यंत्र) मूळ फाइलवरच आधी मोजलं, चाकांवर १९६ पीएस. ट्यूनर मुद्दाम असा शोधला जो समोर बसून काम करतो. २००० आरपीएमच्या टॉर्कचा प्रश्न विचारल्यावर तो हसला आणि म्हणाला, पहिल्यांदा कुणीतरी हे विचारलं. ९५ ऑक्टेनवर, मेच्या दुसऱ्या आठवड्यात, बाहेर ३८ अंश असताना चार वेळा फाइल सुधारली. पहिल्या फाइलला तिसऱ्या सिलिंडरचं टायमिंग साडेचार अंश मागं जात होतं, शेवटच्या फाइलला दीड. लागोपाठ तीन खेपांत आत जाणारी हवा ५० वरून ५५ अंशांपर्यंतच गेली. जुन्या इंटरकूलरवर मूळ फाइललाच ती ७८ ला पोचली होती. रेलचा दाब कुठेही घसरला नाही. चाकांवर २४७ पीएस. गिअरबॉक्समधली घट पंधरा टक्के धरली तर इंजिनावर २९० च्या आसपास. टॉर्क ४२० ला बांधला आहे, २६०० पासून पुढे.

उंचीच्या तक्त्याचं विचारलं, त्यानं तो मूळचाच ठेवलाय. विमा कंपनीला पत्र दिलंय, उत्तर आलेलं नाही, परवा परत जातोय.

खर्च दोन लाख बारा हजार. काकांनी मजुरी घेतली, बघायचे पैसे खरंच घेतले नाहीत.

मिरजेची_लेक

फार छान वाटलं वाचून. लॉगच्या फाइली जपून ठेवा. डिसेंबरमध्ये थंडीत परत एकदा घ्या आणि मेच्या लॉगशी ताडून बघा, थंड हवेत फाइल जास्त टॉर्क मागत नाही ना ते कळेल.

अजिंक्यतारा

कासला याल तेव्हा साताऱ्यात थांबा. चहा माझ्याकडे, आणि तो प्लगही दाखवतो.

फिटर_कुपवाड

पाच हजार किलोमीटर झाले की ये. चारी प्लग काढून बघू, रंग काय म्हणतोय ते. तोवर इंजिन ऑइलची काडी दर पंधरवड्याला तपास, गार गाडीला, सपाट जागेवर.